गजर कोणाच्या वेळेचा?

माझी एक मावशी शिक्षिका होती. निवृत्तीनंतर आकाशवाणीवर तिची एक छोटी मुलाखत झाली होती. तिच्या पश्चात काही वर्षांनी ती मुलाखत पुन्हा प्रसारित होणार असल्याचे कळले, पहाटे पाच पंचावन्नला. तिचा आवाज आमच्या घरात कोणाकडेच नव्हता.

माजिवड्यातल्या आमच्या घरी रेडिओ आणि संगणक वायरीने जोडून ध्वनिमुद्रण करण्याची सोय मी पूर्वीच केलेली होती. संगणक रात्रभर चालू ठेवायचा नाही. ठरल्या वेळी तो आपला आपण जागा व्हायचा, तासभर मुद्रण करायचा आणि पुन्हा निजायचा. त्यासाठीची लहानशी आज्ञावली मीच लिहिली होती आणि बरीच वर्षे तिची डागडुजी करत आलो होतो. त्या संध्याकाळी सातला गजर लावला, संगणक बंद केला आणि मी निर्धास्त झालो.

सकाळी पाहिले तर तासाभराची फाइल तयार होती. तिच्यावर वेळही बरोबर पाच पंचावन्नची. आत मात्र नुसती खरखर. आधी रेडिओवर संशय घेतला, मग वायरीवर. शेवटी सहज लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले होते आणि संगणक म्हणत होता साडेबारा. फरक बरोबर साडेपाच तासांचा!

भाच्याने रात्री साडेदहाला तोच संगणक त्यातल्या दुसऱ्या कार्यप्रणालीवर सुरू करून आपले काम केले होते. त्याची चूक काहीच नव्हती. माझी आज्ञावली यंत्रातले घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर आहे असे धरून चालत होती. म्हणून पाच पंचावन्नचा गजर तिने शून्य तास पंचवीस मिनिटे असा नोंदवला होता. दुसऱ्या प्रणालीने रात्री ते घड्याळ भारतीय वेळेवर आणले. गजराचे आकडे तेच राहिले, घड्याळ बदलले. संगणक मध्यरात्रीनंतर बारा पंचवीसला उठला, पहाट झाली असे समजून बंद पडलेल्या केंद्राची खरखर त्याने इमानाने टिपली, आणि झोपी गेला. इंटरनेटचा राउटर आम्ही रात्री बंद करतो, त्यामुळे त्याची चूक दाखवणारेही कोणी नव्हते.

त्या दिवसापासून मी या घड्याळाचा इतिहास शोधू लागलो, आणि शोधता शोधता मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचलो.

आधी घड्याळाविषयी. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत सेलवर चालणारे घड्याळ नव्हते. यंत्र सुरू केले की ते तारीख आणि वेळ विचारायचे. उत्तर दिले नाही तर १ जानेवारी १९८० समजून कामाला लागायचे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप आली. तिच्या जोडीला सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला एक टोला मिळतो. मनगटी घड्याळातही हाच स्फटिक असतो. चिपमध्ये स्मृतीची अवघी ६४ घरे. त्यांतली १४ घड्याळाची आणि बाकीची ५० यंत्राच्या इतर नोंदींसाठी. गजराला त्यांत तीनच घरे: सेकंद, मिनिट, तास. तारखेला जागा नाही. म्हणजे मूळ गजर चोवीस तासांच्या आतलाच, अगदी चावीच्या घड्याळासारखा. तारखेचे घर पुढच्या चिपांत आले. आणि १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी वीजव्यवस्थेचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत निजलेल्या संगणकाला या गजराने उठवण्याची तरतूद झाली.

या ६४ घरांत एक घर नव्हते, आणि माझ्या मते सगळी कथा त्या नसलेल्या घराची आहे. हे आकडे कोणत्या गावच्या वेळेचे, हे लिहायला तिथे जागाच ठेवलेली नाही. घड्याळाला वेळ ठाऊक आहे; ती कोणाची, हे ठाऊक नाही.

आपल्या जुन्या घटिकापात्राला ही अडचण कधी आली नाही. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची; ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. अहोरात्रीच्या साठ घटका सूर्योदयापासून मोजायच्या. सूर्योदय ज्या गावचा, वेळ त्या गावची. वाटी बुडाली की टोला द्यायला मात्र कोणीतरी माणूस जागा लागे. बाकीच्यांनी निजावे म्हणून एकाने जागायचे, हे काम आता आपण एका सेलवर सोपवले आहे.

गावोगावची वेळ पुरेनाशी झाली ती रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा प्रश्न लहान होता. ३४ किलोमीटरांत सूर्य फारसा सरकत नाही. रुळांचे जाळे देशभर पसरले तसे एकच वेळापत्रक हवे झाले आणि रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे, मद्रासची तिच्याहून अर्धा तास पुढे. गाडी पकडणाऱ्याने हा अर्धा तास मनातल्या मनात मिळवायचा. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांवर मद्रासची वेळ लादून पाहिली. शहराने ती मानली नाही, आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ ला साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची घड्याळे एकोणचाळीस मिनिटे पुढे करायची होती. त्याच महिन्यात काही हजार गिरणी कामगारांनी काम नाकारले, दगडफेक झाली. इतिहासकार या प्रसंगाकडे वसाहतवादाला विरोध म्हणून पाहतात, आणि ते खोटे नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो भोंगा. भोंगा त्याच आकड्याला वाजणार, आकडे मात्र सरकलेले; म्हणजे थंडीच्या दिवसांत एकोणचाळीस मिनिटे अधिक अंधारात घराबाहेर पडायचे. गजर तोच, घड्याळ बदललेले. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ सोडलीच नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती चालू होती. एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या, आणि भेटीची वेळ ठरवताना कोणती ते विचारून घ्यावे लागे.

माझ्या संगणकात हेच चालले होते. डॉसने वेळ विचारली ती समोर बसलेल्या माणसाला, आणि तो आपल्या मनगटावर पाहूनच सांगणार. तीच स्थानिक वेळेची रीत विंडोजने पुढे चालवली. युनिक्सचा वंश वेगळा. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ग्रीनिचच्या हिशेबाने मोजायचे आणि माणसाला दाखवताना तेवढे त्याच्या गावचे करायचे; लिनक्सने हे उचलले. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. एका घरात आल्या की भांडण.

लिनक्समध्ये संगणकाला निजवून गजराने उठवणारी आरटीसीवेक नावाची एक आज्ञावली आहे. ती डेव्हिड ब्राउनेल यांनी लिहिली, बर्नहार्ड वाले यांनी सुधारली. ब्राउनेल २०११ मध्ये वारले. ज्या यूटिल-लिनक्स संचात ती येते त्याची देखभाल कारेल झाक २००६ पासून करत आहेत. मी तिचा मजकूर वाचला तेव्हा थोडा ओशाळलो. मी जे गृहीत धरले होते ते ती विचारते: यंत्रातले घड्याळ कोणत्या वेळेवर आहे? उत्तर एका तीन ओळींच्या फाइलीत असते. पहिल्या ओळीत घड्याळ दिवसाला किती पुढेमागे जाते ते, जुना घड्याळजी वहीत टिपून ठेवी तसे. दुसरीत घड्याळ शेवटचे कधी पडताळले ते. तिसरीत एकच शब्द, जागतिक की स्थानिक. चिपमध्ये नसलेले ते घर कोणीतरी असे बाहेर बांधून ठेवले आहे. एवढे झाल्यावर ती आज्ञावली यंत्राचे घड्याळ आणि प्रणालीचे घड्याळ यांतला फरक काढते आणि तेवढा गजर सरकवते.

अर्थात मी ती वापरली असती तरी त्या रात्री मुलाखत हाती लागली नसती. गजर लावून झाल्यावर कोणी घड्याळाचे काटे फिरवले तर कोणतीही आज्ञावली काय करणार? म्हणून आता दोन गोष्टी केल्या आहेत. दुसऱ्या प्रणालीलाही यंत्राचे घड्याळ ग्रीनिचचेच समजायला शिकवले आहे. आणि गजर संध्याकाळी लावत नाही; घरातले सगळे निजल्यावर, संगणक बंद करण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी लावतो. माझी स्वतःची आज्ञावली आता जेमतेम वीस ओळींची उरली आहे; उठवण्याचे काम मी आरटीसीवेककडे दिले.

खरखरीची ती फाइल मी पुसलेली नाही. तिच्यावर अजून पाच पंचावन्नचीच वेळ आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत संगणकाचे झाकण उघडतो, आतला रुपयाएवढा सेल बदलतो, वेळ पुन्हा लावतो आणि तिसरी ओळ वाचून झाकण बसवतो.