मध : आहार, औषध व प्रसाधन यांतील उपयोगांचा इतिहास

मध : फुलांतील मकरंद गोळा करून, त्यात आपल्या लाळेतील एंझाइमे मिसळून व त्यातील पाण्याचा बराचसा अंश उडवून मधमाश्या जो दाट, गोड पदार्थ पोळ्यात साठवितात, त्याला मध म्हणतात. उसाच्या साखरेचा प्रसार होण्यापूर्वी जगाच्या अनेक भागांत तोच मुख्य गोड पदार्थ होता. महाराष्ट्रात मधाच्या वापराचे ज्ञान दोन मार्गांनी चालत आले : एक डोंगरांतील मध गोळा करणाऱ्यांचे आणि दुसरे वैद्यकग्रंथांचे. विसाव्या शतकात या पारंपरिक ज्ञानाची प्रयोगाने पारख झाली. तीत काही उपयोग खरे ठरले, तर काही रूढी घातक असल्याचे दिसून आले.

मधाचे संकलन : सह्याद्रीत आग्या, सातेरी व फुलोरी या मधमाश्या आढळतात. उंच झाडांवर व कड्यांवर लागणारी आग्या माशीची मोहोळे धूर करून काढण्याचे कौशल्य कातकरी, ठाकूर इ. आदिवासींकडे परंपरेने आहे. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याच्या डोंगराळ भागातही या जमातींची वस्ती आहे. याच तालुक्यातील खारघर १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीत शहरी वसाहत बनले. तेथील बहुसंख्य रहिवाशांना मध आता केवळ बाटलीतून माहीत आहे.

पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्या, पराग व मेण मिसळते आणि वसाहतीचाही नाश होतो. सातेरी माशी मात्र पेटीत पाळता येते व तिच्या पोळ्यातील मध यंत्राने, पोळे न मोडता काढता येतो. या पद्धतीचा प्रसार महाबळेश्वर परिसरात विशेष झाला. तेथील जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा या वृक्षांचा मध व सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध प्रसिद्ध आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

आहारातील उपयोग : मधात सु. ३८ टक्के फलशर्करा, सु. ३१ टक्के द्राक्षशर्करा, १७ ते २० टक्के पाणी आणि अल्प प्रमाणात अन्य शर्करा, अम्ले, खनिजे व एंझाइमे असतात. १०० ग्रॅम मधापासून सु. ३०० ते ३२० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यातील मुख्य शर्करा साध्या स्वरूपात असल्याने त्या लवकर शोषल्या जातात. जीवनसत्त्वांचे प्रमाण मात्र इतके थोडे असते की, त्यांसाठी मधावर विसंबता येत नाही. जांभळाचा मध मधुमेही व्यक्तींना चालतो, ही समजूत निराधार आहे. जांभूळ वृक्षाच्या मकरंदापासून बनला, तरी तो शर्करायुक्तच असतो. द्राक्षशर्करा अधिक असलेला मध थंडीत गोठून रवाळ होतो. हे भेसळीचे लक्षण नव्हे.

औषधी उपयोग : मध्व, तूप व दही यांचा मधुपर्क आणि पंचामृत यांतून मधाला धार्मिक विधींत स्थान मिळाले. चरकसंहितेत मधाचे चार, तर सुश्रुतसंहितेत आठ प्रकार वर्णिले आहेत. मध योगवाही, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाढविणारा मानला गेल्याने चूर्णे मधातून देण्याचा प्रघात पडला. सितोपलादी चूर्ण मधातून चाटविणे हे महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. व्रण भरून येण्यासाठी मध व तूप लावण्याचा उपचार सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस (इ. स. पू. सु. १६००) या शस्त्रक्रियाविषयक लेखातही जखमेवर मध व चरबी लावण्यास सांगितले आहे. १९४० नंतर प्रतिजैविकांचा प्रसार होताच हा उपचार मागे पडला.

त्याचा नव्याने विचार होण्यात सोलापूरचा महत्त्वाचा वाटा आहे. तेथील डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम्. सुब्रह्मण्यम् यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये एका ब्रिटिश शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी ५२ रुग्णांच्या जखमांवर मध व ५२ रुग्णांच्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझीन हे प्रचलित मलम वापरले. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के, तर मलमाच्या गटातील १० टक्के जखमा भरून आल्या. मोठ्या भाजण्यात मधाची मर्यादाही त्यांनीच दाखविली : मध्यम तीव्रतेच्या भाजण्यात मृत त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणे मधाच्या पट्टीपेक्षा सरस ठरते, असे त्यांच्या १९९९ मधील अभ्यासातून निष्पन्न झाले. पुढे २०१५ मध्ये जगभरातील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात अंशतः जाडीच्या भाजलेल्या जखमा मधाने काही दिवस लवकर भरतात, हा निष्कर्ष मान्य झाला.

मधातील शर्करेच्या दाट प्रमाणामुळे जंतूंतील पाणी शोषले जाते व त्याची अम्लता जंतूंच्या वाढीस प्रतिकूल असते. शिवाय मध जखमेतील द्रवाने पातळ झाला की, त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक तयार होते. ही क्रिया १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाली. हे एंझाइम उष्णतेने नष्ट होते. मध तापवू नये असे आयुर्वेद सांगतो. त्यामागील शास्त्रीय उपपत्ती वेगळी असली, तरी व्यवहारात हा नियम उपयुक्त ठरतो. मात्र बाजारातील मध निर्जंतुक नसतो, म्हणून रुग्णालयात प्रारणाने निर्जंतुक केलेला मधच वापरतात. मुलांच्या साध्या खोकल्यात मधाने काहीसा आराम पडतो, असेही प्रयोगांत आढळले आहे.

नवजात बालकाला सोन्याने मध-तूप चाटविण्याची जातकर्म संस्कारातील रूढी मात्र सोडणे आवश्यक आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजुके असू शकतात. एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ती रुजून विष निर्माण करतात. त्यामुळे स्नायू लुळे पडून श्वसनही बंद पडू शकते. या विकाराची ओळख १९७६ मध्ये पटली. तेव्हापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बालकाला मधाचे बोटही चाटवू नये, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो.

प्रसाधनातील उपयोग : मध हवेतील बाष्प धरून ठेवतो व त्यामुळे त्वचा मऊ राहते. म्हणून लेप, साबण व मलमे यांत तो घालतात. घरगुती लेपात तो बेसन व हळदीबरोबर वापरला जातो. मधाबरोबर मिळणाऱ्या मेणाचे प्रसाधनातील स्थान त्याहून जुने व पक्के आहे. थंड मलमाची (कोल्ड क्रीम) मूळ कृती गेलेन या ग्रीक वैद्याची मानली जाते. तीत मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी होते. महाराष्ट्रात कुंकू टिकून राहावे म्हणून कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावीत. त्यासाठी कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असे. टिकल्या आल्यावर ही चाल मागे पडली.

शुद्धता : मधाचे हे सर्व गुण तो शुद्ध असेल तरच मिळतात. पूर्वी गूळ वा साखरेच्या पाकाची भेसळ होई. आता तांदूळ इत्यादींपासून बनविलेली सिरपे वापरतात व ती नेहमीच्या चाचण्यांत सापडत नाहीत. दिल्लीतील विज्ञान व पर्यावरण केंद्राने तेरा छापांच्या मधांच्या तपासणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी बहुतेक अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित चाचणीत उतरले नाहीत. पाण्यात थेंब टाकणे, वात पेटविणे इ. घरगुती परीक्षा विश्वासार्ह नाहीत. मध कोणत्या वनातून, कोणत्या फुलोऱ्यातून व कोणाच्या हातून आला, हे ज्या ग्राहकाला कळू शकते, त्यालाच आज त्याच्या शुद्धतेची बरीचशी खात्री बाळगता येते.