केंडाचा दिवाणखान्यातील प्रवेश

घरातील सागरी मत्स्यालयाचा इतिहास प्रवाळांच्या आणि रंगीत माशांच्या कौतुकाने लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु माझ्या मते तो मुख्यत्वे मैल्याच्या बंदोबस्ताचा इतिहास आहे, आणि हातभर लांबीचा, अधाशी केंड मासा दिवाणखान्यात जगू शकतो याचे श्रेय रसिकतेपेक्षा त्या बंदोबस्ताकडेच अधिक जाते.

सिसिलीतील मेसिना येथे झान व्हिलप्रो-पॉवर या विदुषीने १८३२ च्या सुमारास आर्गोनॉट या अष्टपाद प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करवून घेतल्या; पण या विद्येला घरगुती वळण लागले ते लंडनमध्ये. वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन हिने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळ दगडी बरणीत घालून राजधानीत आणले, आणि आहे तेच पाणी ताजे राखण्याची तजवीज अशी केली की, घरच्या मोलकरणीने उघड्या खिडकीशी उभे राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, रोज अर्धा-पाऊण तास, ओतत राहावे. या शास्त्राच्या ग्रंथांत मान मालकिणीला मिळाला, आणि तो अस्थानी नाही. तथापि त्या प्रवाळांना लाभलेला प्राणवायू मोलकरणीच्या मनगटांच्या जोरावर मिळत होता, एवढे तरी नमूद व्हावयास हवे.

काचेवरील कर ब्रिटनमध्ये १८४५ साली उठला, १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती व जलचर परस्परांचा निर्वाह करतात असा सिद्धान्त मांडला, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसचा ग्रंथ निघाला. मग काय, मध्यमवर्गाने समुद्रकिनाऱ्यांवर अशी झोड उठवली की, खडकांतली डबकी उजाड झाल्याची खंत पुढे गॉसच्याच मुलाने लिहून ठेवली. लुटून आणलेले हे जीव बहुधा लवकरच मरत, कारण थोड्या शेवाळाने पुष्कळ विष्ठेचे निवारण होईल हा समतोलाचा भरवसा समुद्राच्या बाबतीत फोल होता.

हे ओळखणाऱ्यांत विल्यम अल्फर्ड लॉइड अग्रगण्य. १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा, अंधारा जलसंचय तळाशी ठेवला आणि पाणी अखंड फिरते राखले. आजच्या हौशी माणसाच्या टाकीखाली कपाटात दडलेली दुसरी टाकी ही त्याचीच वंशज होय. मैल्यातील अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू विनोग्रॅड्स्कीने १८९० च्या सुमारास हुडकले, पण ते ज्ञान घरगुती टाकीत रुजण्यास आणखी कित्येक दशके जावी लागली. मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारातच समुद्र होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्या गृहस्थास मात्र १९६० नंतरच्या सरंजामाची वाट पाहावी लागली: लोखंडी चौकट व लांबी यांवाचून काच सांधणारे सिलिकोन, पुड्यांतून मिळणारे कृत्रिम समुद्रमीठ, आणि हवेच्या बुडबुड्यांवर मळ चढवून फेसासह बाहेर टाकणारे जर्मन यंत्र.

एवढी सिद्धता झाल्यावर केंड घरात आला. कोकणातील मच्छीमार त्याला जाळी कुरतडणारा उपद्रवी म्हणून ओळखतो. हौशी माणसाला भुरळ पडते ती त्याच्या स्वतंत्रपणे फिरणाऱ्या डोळ्यांची, आणि मालक दिसताच काचेशी येऊन खाणे मागण्याच्या लाघवाची. एरोथ्रॉन हिस्पिडस ही जात सुमारे ५० सेंटिमीटर, तर स्टेलेटस ही तिची भाऊबंद १२० सेंटिमीटरपर्यंत वाढते, हे दुकानातील बोटभर पिलू पाहून कोणाच्या ध्यानात येत नाही. शिंपले आणि खेकडे फोडताना तो निम्मे तुकडे पाण्यातच सांडतो, त्यामुळे लहान टाकीतले पाणी बिघडण्यास वेळ लागत नाही. शिवाय फुगवून दाखवण्यासाठी त्याला पाण्याबाहेर काढणे हा निव्वळ क्रूरपणा आहे, कारण पाण्याऐवजी हवा पोटात गेली तर ती बाहेर टाकणे त्याला जड जाते. त्याच्या चार दंतपट्टिका आयुष्यभर वाढतात. कवचाचे खाद्य न मिळाल्यास त्या इतक्या लांबतात की तोंड मिटत नाही, आणि मग पाण्यात लवंगेचे तेल मिसळून त्याला गुंगी आणून, ओल्या फडक्यात धरून, चोच कातरण्याचे काम जाणत्याकडून करवून घ्यावे लागते.