लाइट आल्यावर मोटर कोणी सुरू करायची?

शेतपंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की तिची पकड सुटते आणि मोटर थांबते. लाइट परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर थांबलेलीच राहते. बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या मोताळा तालुक्यात नळगंगा धरणाचं पाणी सगळ्या शिवारांना पोचत नाही. उरलेल्यांची भिस्त विहिरीवर. तिथे हा नियम जाचक वाटला तर नवल नाही. शेतीची वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि मध्येच किती वेळा जाईल याचा नेम नाही. म्हणून राज्यभर स्टार्टरला ऑटो स्विच जोडले गेले. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. माझं म्हणणं असं की या स्विचने कॉइलमधला शहाणपणा काढून टाकला आणि पुढे आलेल्या मोबाइल स्टार्टरने, स्वतःच्या खोडींसकट, तो बराचसा परत आणला.

हिशेब साधा आहे. 63 केव्हीएच्या डीपीचा, म्हणजे सामाईक ट्रान्सफॉर्मरचा, पूर्ण भार सुमारे 85 अँपिअर. 5 अश्वशक्तीची मोटर चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या सहापट. दहा मोटारी आपापल्या वेळी सुरू झाल्या तर डीपी तग धरते. ऑटोमुळे दहाही एका क्षणी उठल्या तर कागदावर तरी साडेचारशे अँपिअरची मागणी होते. मग दाब कोसळतो, मोटारी गुरगुरत राहतात, फ्यूज उडतात किंवा डीपीच जळते. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करत आलं ते यामुळेच. यावर शेतकऱ्याचा सवाल असतो की रात्री दोन वाजता सापाविंचवाच्या वाटेने विहिरीवर जायचं कोणी? सवाल रास्त आहे. ऑटोला हाव म्हणणाऱ्यांनी आधी वेळापत्रकाकडे बघावं. पण कारण रास्त असल्याने डीपीवरचा भार काही हलका होत नाही.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'सारख्या मोबाइल स्टार्टरांनी हा पेच वेगळ्या बाजूने सोडवला: निर्णय माणसाचा, फक्त पायपीट नाही. फोन लावला की मोटर सुरू. मात्र आतल्या, मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या जीएसएम मॉड्यूलचे स्वतःचे नखरे होते. सिम900सारख्या मॉड्यूलला सुमारे 3.2 ते 4.8 व्होल्टच चालतात, आणि टॉवरशी बोलताना ते क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं. पुरवठा कमकुवत असला की तेवढ्यात व्होल्टेज घसरतं आणि मॉड्यूल स्वतःला बंद करतं. व्होल्टेज सावरलं तरी ते आपणहून उठेलच असं नाही. त्याच्या पॉवर-कीला ठरावीक वेळ इशारा द्यावा लागतो. म्हणजे कॉइलचाच स्वभाव! कोणी म्हणेल, मग उपयोग काय? फोन लागला नाही की शेतावर जाणं आलंच. म्हणूनच चांगल्या पेटीत एक छोटा नियंत्रक मॉड्यूलला ठरावीक वेळाने हाक मारतो आणि उत्तर आलं नाही तर ते रीसेट करतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. मॉड्यूल आपोआप उठलं तर डीपीला काहीच फरक पडत नाही. मोटर आपोआप उठली तर शेजाऱ्यांना पडतो. पुष्कळ मोबाइल स्टार्टरमध्ये ऑटोची सोयही असते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांत उशीर लावता येतो, आणि प्रत्येकाने तो वेगवेगळा लावला तर मोटारी एकामागून एक उठतात. सगळ्यांनी तो शून्यावर ठेवला, तर मात्र जुनाच ऑटो नव्या पेटीत आला म्हणायचं.

आपोआप सुरू होणं दरवेळी वाईटच असं नाही. सौरपंपाचा कंट्रोलर उजाडलं की मोटर स्वतःच सुरू करतो आणि ढग आला की थांबवतो. त्यात गैर काही नाही, कारण त्या पॅनेलवर दुसऱ्या कोणाची मोटर नसते. सामाईक डीपीवर जे आडमुठेपणाचं ठरतं, ते एकट्याच्या पॅनेलवर नुसती सोय असते.