अहवालात नसलेला ऑक्सिजन

बिरवाडीच्या एमआयडीसीत माझी सगळी नोकरी क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये गेली. पोलादपूरहून पहिल्या एसटीने महाड गाठायचं, कोट चढवायचा आणि ड्रायरमधून आलेल्या पावडरीचं सॅम्पल हातात घ्यायचं. आमच्याकडे एनएमआर, म्हणजे पदार्थ चुंबकात ठेवून रेणूची रचना वाचणारं यंत्र, नव्हतं. कुपी मुंबईला जायची आणि यथावकाश दोन आलेख यायचे, एक हायड्रोजनचा, एक कार्बनचा. ज्या औषधांच्या पावडरी आम्ही बनवायचो त्यांत ऑक्सिजन भरपूर. त्याचा आलेख मात्र कधीच आला नाही. असं का, हे शोधायला लागलो ते निवृत्तीनंतर.

गोष्ट सुरू होते १९५१ साली, स्टॅनफर्डला, फेलिक्स ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत. अर्नोल्ड, पॅकार्ड आणि आपले एस. एस. धर्मट्टी या तिघांनी इथाइल अल्कोहोल चुंबकात ठेवलं आणि हायड्रोजनचे तीन वेगळे पीक, म्हणजे आलेखावरचे सुळके, मिळवले. क्षेत्रफळाचं प्रमाण तीनास दोनास एक. त्यातला शेवटचा पीक ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनचा. रेणूत कोण कुठे बसलंय ते आलेखावर वाचता येतं, हे तिथे दिसलं. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विद्येचं बी त्यांनी इथे रुजवलं. आमच्या लॅबमध्ये हे नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही.

गंमत अशी की त्याच साली, त्याच स्टॅनफर्डला, आल्डर आणि यू यांनी ऑक्सिजन-१७ या समस्थानिकाचाही सिग्नल पकडला होता. पण हायड्रोजन कारखान्यापर्यंत पोचला आणि ऑक्सिजन मागे पडला. नेहमीचा ऑक्सिजन-१६ चुंबकाला दादच देत नाही. देतो तो १७, आणि तो दहा हजार अणूंत जेमतेम चार! त्यात त्याचं केंद्रक गोल नाही, त्यामुळे घन पदार्थात सिग्नल पसरट होतो, पीक कसला, नुसता उंचवटा.

खरी माहिती मात्र घन पदार्थातच असते. आम्ही सॅम्पल विरघळवून पाच मिलिमीटरच्या काचेच्या नळीत भरायला द्यायचो. विरघळलं की स्फटिक संपला. एक बॅच ड्रायरमधून मोकळी पडायची, दुसरीचे गोळे व्हायचे, आणि दोन्हींचे आलेख मात्र तंतोतंत सारखे. कार्बोक्सिलिक आम्लाचे दोन ऑक्सिजन द्रावणात एकच पीक देतात, कारण हायड्रोजन सतत इकडून तिकडे जात असतो. स्फटिकात ते वेगळे दिसू शकतात.

त्यासाठी पावडर झिर्कोनियाच्या करंगळीहून बारीक रोटरमध्ये ठासतात आणि चुंबकाशी ५४.७ अंशांचा कोन धरून सेकंदाला हजारो फेरे देतात. एवढ्यानेही ऑक्सिजनचा पीक पुरता बारीक होत नाही. १९९५ साली फ्रिडमन आणि हारवुड यांनी त्यावर नवा तोडगा काढला. २०१३ साली कॅनडातल्या गँग वू यांच्या गटाने सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅस्पिरिन घन रूपातच तपासले. अ‍ॅस्पिरिन, चार ऑक्सिजनचं!

अडचण उरते ती किमतीची. एवढा विरळ १७ रेणूत मुद्दाम घालावा लागतो, आणि तो पुरवणारं ऑक्सिजन-१७ चं पाणी फार महाग. २०१७ साली लॉरँसाँ यांच्या फ्रेंच गटाने त्यातले थोडेसेच थेंब वापरून, पदार्थ बॉल मिलमध्ये दळून तो ऑक्सिजन रेणूत घातला. बॉल मिल आमच्या पोरांना शिकवावी लागणार नाही. प्रश्न आहे तो त्या पाण्याची मागणी पर्चेसवाला मंजूर करील का, हा.