घाम, मीठ आणि कर : प्रभादेवीच्या गिरण्यांपासून वडाळ्याच्या मिठागरांपर्यंत #थ्रेड

1/ प्रभादेवी-परळच्या कापडगिरण्यांत सूत तुटू नये म्हणून साचेखात्यातील हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम गाळते. त्या घामासोबत मीठही जाते. ब्रिटिश राजवटीत याच मिठावर कर होता.

2/ शरीरातील पाण्याची वाटणी क्षारांवर अवलंबून असते. पेशींबाहेरील द्रवात सोडियम प्रमुख, तर पेशींच्या आत पोटॅशियम. ज्या बाजूला क्षारांची तीव्रता अधिक, तिकडे पाणी ओढले जाते.

3/ घामातून मुख्यतः सोडियम व क्लोराइड जातात. भरपूर घाम गाळून केवळ साधे पाणी प्यायले, तर रक्तातील सोडियम विरळ होते, पाणी पेशींत शिरते. स्नायूंत गोळे येतात, भोवळ येते. ब्रिटनमधील उष्ण कोळसाखाणींत कामगारांना येणाऱ्या पेटक्यांचा हाच उलगडा के. नेविल मॉस यांनी 1923 च्या सुमारास केला. उपाय साधा होता : पाण्यात थोडे मीठ.

4/ येथे सर्व क्षार सारखे नव्हेत. पोटॅशियम क्लोराइड सोडियमची जागा घेऊ शकत नाही. सैंधव मात्र रंगाने वेगळे असले, तरी मूलतः सोडियम क्लोराइडच.

5/ 2 मार्च 1930 रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले : गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक मीठ खावे लागते, म्हणून हा कर त्याच्यावर अधिक जड पडतो. शरीरशास्त्राची परिभाषा न वापरता मांडलेला हा युक्तिवाद शरीरशास्त्रालाही मान्य होण्याजोगा होता.

6/ प्रभादेवीपासून काही मैलांवरच वडाळ्याची मिठागरे होती. मे 1930 मध्ये सत्याग्रहींनी त्यांवर एकामागून एक धाडी घातल्या. 1 जूनच्या धाडीत हजारो लोक उतरले. लाठ्या खाऊन, चिखल तुडवून ते मूठमूठ मीठ घेऊन परतले.

7/ मिठावरील कर अखेर 1947 मध्ये रद्द झाला.

8/ आज प्रश्न उलट आहे. बैठ्या कामात घाम थोडा आणि ताटात मीठ फार. जादा सोडियम पाणी धरून ठेवते व रक्तदाब वाढवते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. मात्र उन्हात राबणाऱ्या मजुराचा हिशेब अजूनही वेगळाच आहे.