वाकळीची सुई

सुईला कसला आला इतिहास, असे कुणी म्हणेल. पण आमच्या वऱ्हाडात तो कापसाच्या वाटेवरच सापडतो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि अमरावती-अकोल्याच्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1867 साली आगगाडी नागपुरास पोचली. आमचा कापूस विलायतेस जाई, आणि त्याच विलायतेतल्या रेडिच गावच्या सुया त्या काळी जगभर जात. त्या सुयांना नंबर असे. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक.

माझी आई नंबर पाहत नसे. जुन्या लुगड्यांचे थर चिमटीत धरून ती जाडी अजमावी. वाकळीला (वऱ्हाडी तोंडी ‘वाकय’) ती लांब सुई घेई, म्हणजे एका दमात चार-पाच टाके सुईवर भरतात. नेढे दुहेरी दोऱ्याला पुरेसे हवे, नाहीतर दोरा घासून तुटतो. विलायती बायका रजईला आखूड सुई घेतात. त्यांचा टाका बारीक. दाभण गोणपाटाला ठीक. विरलेल्या लुगड्याला त्याने भोकेच पडायची.

आजी गेली त्या वर्षी तिचे लुगडे आईने मधल्या थरात घातले. त्या वाकळीला तिने घरातली सर्वांत बारीक सुई काढली.