धुळ्याच्या गल्ल्या

गांवाचा इतिहास दप्तरांत सांपडतो, तसा तो पायांखालींहि सांपडतो. धुळें शहरांत कोणताहि हेतु मनांत न धरतां सावकाश हिंडणारास याचा प्रत्यय येतो. जुन्या धुळ्यांत वाट घरांच्या कलानें वळते. तेथून नव्या पेठेंत आलें कीं सरळ, समांतर गल्ल्या लागतात, आणि त्या आंकड्यांनीं ओळखल्या जातात. एकाच गांवांत हा पालट कां?

१८०३ सालीं होळकरी फौजेची धामधूम आणि भीषण दुष्काळ यांमुळें धुळें ओस पडलें. पुढच्याच वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें. तरीहि १८१९ मध्यें तेथें अवघीं ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. खानदेश नुकताच इंग्रजांच्या हातीं आला होता. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें कारभाराचें ठाणें ठरविलें, व्यापाऱ्यांना वसण्यास उत्तेजन दिलें, घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या आणि बांधकामास आगाऊ रकमाहि दिल्या. अशा रीतीनें नवी पेठ आंखून वसली. त्या सरळ रेषांच्या मुळाशीं उजाड गांवाची आठवण आहे.

पायीं हिंडून दप्तरें मिळविणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यांतच निवर्तले. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें स्थापन झालें. त्यांच्यासारखी पायपीट सर्वांस साधणार नाहीं. परंतु आपल्याच गल्लीचें वळण कोणीं व कां आंखलें, एवढें विचारण्यास संध्याकाळचा एक फेरफटका पुरतो.